आजाराचा विमा आहे, सांभाळण्याचा नाही

आलेलं पत्र, थोडं लहान करून:

"ताई, नमस्कार. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. मी ५७ वर्षांची, यजमान ६१, साखर कारखान्यातून निवृत्त. सासूबाई ७६ वर्षांच्या. त्यांची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली. मिरजेत अकरा दिवस ठेवलं, मेडिक्लेममधून कॅशलेस झालं. घरी आणून चाळीस दिवस झाले. बोलणं अडखळतं, पण समजतं सगळं. दिवसाची बाई लावलीय, ६०० रुपये रोज. डायपरला महिन्याला साडेतीन हजार, फिजिओचे ३०० रुपयांप्रमाणे महिन्यातून बारा वेळा. रात्री मीच उठते. बाईच्या पैशांचा क्लेम टाकला तर कंपनीने सरळ नाकारला. धाकटे दीर न्यू जर्सीला असतात. ते म्हणाले, इकडे लाँग टर्म केअर इन्शुरन्स असतो, तसा आईसाठी आणि तुम्हा दोघांसाठी घ्या, हप्ता मी भरतो. असा विमा आपल्याकडे मिळतो का? एका एजंटनेही यजमानांना 'म्हातारपणाची सोय' म्हणून एक योजना दाखवलीय, वर्षाला एक लाख, दहा वर्षं. सासूबाईंचे सहा लाख एका पतसंस्थेत आहेत, व्याज बरं मिळतं. आणि एक, माझी पाठ गेलीय. पुढच्या महिन्यात कराडला भाचीचं लग्न आहे, तिथेही जाणं होईलसं वाटत नाही. – एक सून, सांगली"

ताई,

पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला, कारण एक गोष्ट थांबण्यासारखी नव्हती. इतरांसाठी ती इथे पुन्हा सांगते. मेडिक्लेममध्ये दवाखान्यातून सोडल्यानंतरचे काही दिवसही धरलेले असतात, बऱ्याच पॉलिसींत ६०. त्याच आजारासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं, तपासण्या आणि फिजिओथेरपी यांचे पैसे त्या मुदतीत मागता येतात. तुमचे चाळीस दिवस गेले होते, वीस उरले होते. बाईचा क्लेम नाकारला म्हणून तुम्ही फिजिओच्या पावत्याही डब्यात टाकून दिल्या होत्या. त्या बाहेर काढा. डॉक्टरांकडून फिजिओची चिठ्ठी घ्या, प्रत्येक पावतीवर तारीख आणि रुग्णाचं नाव आहे ना ते बघा. साठ दिवस संपल्यावर कागद द्यायची वेगळी मुदत असते, बहुतेक ठिकाणी पंधरा दिवसांची. पॉलिसीच्या कागदात ती शोधून पेन्सिलने खूण करून ठेवा.

आता बाईच्या पैशांबद्दल. कंपनीने नाकारलं ते नियमाला धरून आहे. वाईट वाटतंय मला हे लिहिताना, पण तुम्ही विमा लोकपालाकडे तक्रार घेऊन जाऊन आणखी चार महिने त्यात घालवू नयेत म्हणून स्पष्ट लिहिते. २०१९ साली विमा नियामकाने सगळ्या आरोग्य पॉलिसींसाठी न मिळणाऱ्या खर्चांची भाषा एकसारखी केली. त्यातलं पाचव्या क्रमांकाचं कलम तुमच्या पॉलिसीतही असेल. त्याचा अर्थ असा, की उपचारासाठी नव्हे तर विश्रांतीसाठी, पुनर्वसनासाठी किंवा नुसत्या देखभालीसाठी झालेला खर्च मिळणार नाही. घरी असो वा नर्सिंग होममध्ये, आंघोळ घालणं, कपडे बदलणं, चालायला-हलायला मदत करणं, मग ते शिकलेली नर्स करो नाहीतर साधी बाई, सगळं त्यात आलं. 'घरी उपचार' असं जे काही पॉलिसींत लिहिलेलं असतं त्यानेही फसू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी सलाईन, इंजेक्शन असे उपचार चालू असतील तर ते. कूस बदलायला लावलेली बाई त्यात बसत नाही.

मी विमा कंपनीच्या क्लेम विभागात सत्तावीस वर्षं काम केलं. हे कलम दाखवून मी स्वतः कित्येक अर्ज परत पाठवलेत. मग माझ्या वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनचे पैसे नऊ दिवसांत मिळाले. वडील मात्र पुन्हा नीट उभे राहिले नाहीत, आणि पुढची अडीच वर्षं आईने त्यांना उचललं, पुसलं, भरवलं. तिची दोन्ही मनगटं कायमची सुजलेली असायची. ऑपरेशनची प्रत्येक पावती माझ्या फाईलमध्ये होती. त्या अडीच वर्षांची एकही पावती कुठे नाही. आजाराचा खर्च आणि परावलंबी होण्याचा खर्च हे दोन वेगळे खर्च आहेत हे मला तेव्हा कळलं. आपल्याकडे पहिल्याचा विमा मिळतो. दुसऱ्याचा भार घरातली एखादी बाई आपल्या हाडांवर घेते आणि तो कुणी मोजत नाही.

तुमचे दीर सांगतात तो विमा नेमका या दुसऱ्या खर्चाचा. तिकडे तो कसा चालतो हे समजून घ्या, त्यातून आपल्यालाही हिशेब घालता येतो. अमेरिकेत रोजच्या जगण्यातली सहा कामं धरतात: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, लघवी-शौचावर ताबा, खाटेवरून उठून खुर्चीत बसणं आणि आपल्या हाताने जेवणं. यातली कुठलीही दोन कामं माणसाला मदतीशिवाय जमत नाहीत आणि निदान ९० दिवस तरी जमणार नाहीत, असं तिथल्या डॉक्टरने किंवा नर्सने लिहून दिलं, किंवा स्मृतिभ्रंशामुळे सतत लक्ष ठेवायची वेळ आली, की पॉलिसी लागू होते. तरी लगेच पैसे मिळत नाहीत. आधी एक वाट पाहण्याचा काळ असतो, बहुधा ९० दिवसांचाच, त्यातला खर्च स्वतःचा. त्यानंतर रोजचे ठरलेले डॉलर, ठरलेली वर्षं. महागाईप्रमाणे रक्कम वाढावी असं वाटलं तर हप्ता आणखी जास्त.

सासूबाई डाव्या हाताने जेवतात असं तुम्ही फोनवर म्हणालात. म्हणजे सहापैकी पाच कामांत त्यांना मदत लागते. तिकडच्या मोजमापाने त्या कधीच 'लाभार्थी' ठरल्या असत्या. पण पॉलिसी आधी घेतलेली असती तर. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ती नव्याने कुणीच देत नाही, आणि ती पॉलिसी तिथे राहणाऱ्यांसाठी असते. भाऊजींनी हप्ता भरायची कितीही तयारी दाखवली तरी आईंसाठी तिथून काही होणार नाही.

तिकडेही सगळं आबादीआबाद नाही. ६५ वर्षांनंतरचा त्यांचा सरकारी आरोग्य विमा, मेडिकेअर, नुसत्या देखभालीचे पैसे देत नाही, आणि कितीतरी लोकांना हे वेळ आल्यावरच कळतं, तुम्हाला कळलं तसंच. ज्यांनी तीस वर्षांपूर्वी खासगी पॉलिसी घेतल्या त्यांचे हप्ते पुढे भरमसाट वाढले. लोक अंदाजापेक्षा जास्त जगले, पॉलिसी मध्येच सोडणारे कमी निघाले, व्याजदर उतरले; कंपन्यांचं गणित चुकलं आणि बऱ्याच कंपन्यांनी हा धंदाच सोडला. जर्मनीने १९९५ पासून आणि जपानने २००० पासून हा विमा सक्तीचा केला. जपानमध्ये माणूस चाळिशीचा झाला की वर्गणी सुरू होते. सगळेच भरतात म्हणून ज्याला लागतं त्याला मिळतं. माझं मत विचाराल तर हा विमा असाच चालू शकतो, कारण धडधाकट माणूस आपण होऊन तो कधी घेत नाही आणि गरज पडलेल्याला कंपनी घेत नाही. आपल्याकडे तशी सक्तीची योजना नाही, आणि दुकानात जाऊन मागावी अशी सरसकट मिळणारी पॉलिसीही नाही.

एजंटने दाखवलेली योजना ही नाहीच. वर्षाला एक लाख, दहा वर्षं, नंतर ठरलेली रक्कम, ही बचतीची पॉलिसी आहे, नाव काहीही असो. त्याला एकच विचारा: "उद्या मी अंथरुणाला खिळले तर दुसऱ्या महिन्यापासून बाईचे पैसे मिळतील का? कुठल्या पानावर लिहिलंय?" पान दाखवता आलं नाही तर सही करू नका. यजमानांनी आधीच सही केली असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

मग करायचं काय? भाऊजी हप्ता भरायला तयार आहेत, हीच या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी आहे. तो हप्ता कंपनीला न जाता घरी यायला हवा. तुमचाच हिशेब मांडते. बाईचे महिन्याला १८,०००, डायपरचे ३,५००, फिजिओचे ३,६००. झाले २५,१००. वर्षाचे तीन लाखांच्या वर. यात औषधं नाहीत, आणि रात्रीच्या तुमच्या जागरणाचा तर एक पैसाही नाही. रात्रीची बाई लावली असती तर अशा बाया पुरवणाऱ्या ब्यूरोने किती घेतले असते ते विचारा आणि तो आकडा या कागदावर लिहा. हो, लिहाच. मग तो कागद यजमानांनी भाऊजींना पाठवायचा. तुम्ही नाही, यजमानांनी. सुनेने दिराकडे पैसे मागितले असा रंग त्याला यायला नको. आईच्या खर्चात दोन मुलांचा वाटा ठरतोय, एवढंच ते आहे. दिवाळीला एकरकमी पाठवतो, लागेल तेव्हा सांगा, असल्या बोलण्यावर विषय मिटवू नका. दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेली रक्कम, आईंच्या खात्यात. मुलाने आईला पाठवलेल्या पैशांवर आईला आयकर लागत नाही, तेव्हा तीही शंका नको.

आईंच्या खात्याचं मात्र आत्ताच बघा. उजवा हात गेला म्हणजे सही गेली. त्यांचं डोकं शाबूत आहे, तोवर खातं यजमानांसोबत जोडखातं करून घ्या, 'दोघांपैकी कोणीही' अशा सूचनेसह. अंगठा आणि दोन साक्षीदार चालतात. सत्तरीपुढच्या आणि आजारी, अपंग ग्राहकांना घरी येऊन सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. शाखेत लेखी अर्ज द्या, तोंडी बोलून येऊ नका. मुखत्यारपत्रावर विसंबून राहू नका. पुढे समजच गेली तर साधं मुखत्यारपत्र कामाचं राहत नाही, नेमकं तेव्हाच जेव्हा त्याची गरज असते.

पतसंस्थेतले सहा लाख हा माझ्या जिवाला लागलेला घोर आहे. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांतल्यासुद्धा, एका बँकेत एका माणसामागे पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेला ते नसतं. आपल्या भागात 'ठेव मिळत नाही' म्हणून दारात बसलेली म्हातारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. तुमची संस्था चांगलीही असेल. पण हे पैसे आईंच्या बाईचे आणि औषधांचे आहेत, एक टक्का जास्त व्याजासाठी ते पणाला लावू नका. मुदत संपेल तशी ठेव काढा आणि पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्याच्या ८.२ टक्के दराने सहा लाखांचे दर तिमाहीला १२,३०० येतात. महिन्याला चार हजार झाले, डायपरचा खर्च भागतो.

दवाखान्याचा मोठा खर्च पुन्हा आला तर वरचे पैसे त्यात वाहून जातात, म्हणून मेडिक्लेम चालूच ठेवा. बाईचे पैसे मिळाले नाहीत या रागात नूतनीकरण चुकवू नका. जोडीला आईंचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही, खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं, आधार पुरतं. वर्षाला पाच लाखांपर्यंत, योजनेतल्या रुग्णालयांत भरती झाल्यावर. बाईचे पैसे तेही देत नाही.

आता तुमचं दोघांचं. परावलंबी होण्याच्या खर्चाच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट आपल्याकडे आहे, ती म्हणजे गंभीर आजाराची पॉलिसी. यादीतला आजार ठरलेल्या व्याख्येत बसला की एकरकमी पैसे मिळतात, आणि त्यातून तुम्ही बाई लावा, खाट घ्या, कुणी पावती मागत नाही. पण व्याख्या वाचा. पक्षाघाताचे पैसे मिळायला कायमची कमतरता राहिलेली असावी लागते, आणि ती निदान तीन महिने टिकली याचा पुरावा द्यावा लागतो. दोन तासांत बरा झालेला झटका धरत नाहीत. पार्किन्सन, अल्झायमर काही पॉलिसींत असतात, काहींत नसतात. आपल्या घरांत हे दोन आजार वाढताना दिसतात, म्हणून मी तरी यादीत आधी तेच शोधेन. तुम्ही ५७ च्या आहात, आत्ता मिळेल. साठी ओलांडल्यावर हप्ता चढतो आणि तपासण्यांत काही निघालं की दार बंद. यजमानांना मधुमेह आहे असं म्हणालात, त्यांना कदाचित नाकारतील. अर्जात तो लपवायचा मात्र नाही. अपघाती कायमच्या अपंगत्वाची पॉलिसी स्वस्त असते, ती दोघांचीही घ्या.

आणि तरीही मुख्य भरवसा तुमच्याच साठवलेल्या पैशांवर ठेवावा लागेल. आज आईंना लागतात तेवढेच पंचवीस हजार धरा. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली तर बारा वर्षांत ते पन्नास हजार होतात. त्या वेळी तुम्ही एकोणसत्तर वर्षांच्या असाल. एजंटला द्यायला निघालेला वर्षाचा एक लाख याच कामासाठी वेगळ्या खात्यात टाकायला लागा, आणि त्याला मुलांच्या लग्नासाठी, घराच्या स्लॅबसाठी हात लावायचा नाही असं दोघांनी मिळून ठरवा. राहतं घर मात्र 'सांभाळशील ना' म्हणून कुणाच्या नावावर करू नका. कधी करायची वेळ आलीच तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट शब्दांत लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने अशी अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करायला प्रांताकडच्या न्यायाधिकरणात जाता येतं. अट लिहिलेलीच नसेल तर तिथे भांडणं फार अवघड जातं.

गावभागात राहता म्हणून एक आणखी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा आई चालत्या होत्या. आता त्यांना उचलायला चौघं लागतील. पाणी वाढायच्या बातम्या यायला लागल्या की शेवटच्या दिवसाची वाट न पाहता त्यांना विश्रामबागेत नाहीतर मिरजेत कुणाकडे हलवायचं, ते आजच त्या घरच्यांशी बोलून ठेवा. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की त्याच दिवशी निघा. डिस्चार्ज कार्ड, पॉलिसी, औषधांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत, हवा भरायची गादी घडी करून सोबत. पाठीवर जखमा व्हायला ओल्या चादरीवरचे दोन दिवस पुरतात.

मिरज ही दवाखान्यांची नगरी. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचं इस्पितळ काढलं, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून माणसं इथे बरी व्हायला येतात. हाडाचा, मेंदूचा, हृदयाचा, कुठलाही डॉक्टर तुम्हाला अर्ध्या तासाच्या अंतरावर मिळतो. रात्री दोन वाजता सासूबाईंची कूस बदलायला मात्र तुम्ही एकट्या. म्हणून तुमच्या पाठीबद्दल लिहिते, आणि हे मी शेवटी लिहितेय म्हणून ते कमी महत्त्वाचं समजू नका. तुमच्या घरातली खरी पॉलिसी म्हणजे तुमची पाठ, आणि तिचा हप्ता तुम्ही एकट्या भरताय. फिजिओ आईंसाठी येतात तेव्हा त्यांना वीस मिनिटं जास्त थांबवा. खाटेवरून खुर्चीत घेताना गुडघे कुठे वाकवायचे, चादरीने कसं सरकवायचं ते तुम्ही, बाईने आणि यजमानांनी, तिघांनी शिकून घ्या. यजमान निवृत्त आहेत, ६१ म्हणजे काही वय नाही. आठवड्यातल्या तीन रात्री त्यांच्या. आईला डायपर मुलाने कसा बदलायचा, हा संकोच मी समजू शकते, आईंनाही तो असणार. मग त्या तीन रात्रींसाठी बाई लावा आणि ते पैसे वरच्या कागदात, दोन भावांच्या हिशेबात धरा.

कराडच्या लग्नाला जा. दोन दिवस, मुक्कामाने. चोवीस तासांची बाई ब्यूरोकडे आजच सांगून ठेवा, कारण लग्नसराईत बायका मिळत नाहीत. जमलं तर लग्नाच्या आधी एक दिवस तिला बोलावून घ्या, म्हणजे आई तिला ओळखायला लागतील.

तुमची,
ताई